ताईबाईची मान

ताईबाईला बक्षीस लागल्याचं मुंबईहून फोनवर कळलं, तेव्हा ताईबाई कपाटावरच्या बुटाच्या खोक्यात झोपली होती. आणि तिला घडवणारे माझे वडील पलंगावर बसून डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवत होते.

ताईबाई म्हणजे हातात घालायची बाहुली. ठेंगणी, नकटी म्हातारी. नाना, म्हणजे लीलाधर सर, अमळनेरात तीस वर्षं चित्रकला शिकवत होते. निवृत्तीनंतर त्यांनी ती रद्दीच्या लगद्यातून केली. आमच्याकडे बायका कागदाच्या टोपल्या करताना कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथीची पूड घालतात, तशी त्यांनीही घातली. केस रावेरहून आणलेल्या केळीच्या धाग्यांचे. लुगडं आईच्या जुन्या पातळाचं, आईनेच शिवलेलं. त्याच वर्षी आई गेली. ताईबाईच्या डोक्याला अजून मेथीचा वास यायचा आणि लुगड्याला आईचा. निदान मला तरी यायचा.

करोनात शाळा बंद होत्या. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे मोबाईल धरायचं काम माझ्याकडे आलं. कार्यक्रम अगदी साधा. गुलाबाईच्या सणात आमच्या मुली खाऊचा डबा वाजवतात आणि बाकीच्यांनी आवाजावरून खाऊ ओळखायचा असतो. तेच ताईबाई करायची. एक मूल डबा खुळखुळवणार, ताईबाई कान लावणार, आणि दर वेळी चुकणार. डब्यात फुटाणे असले की ती शेव म्हणायची, आणि शेव असली की तिला चपलेचा आवाज यायचा. पोरं हसून लोळायची. दीड वर्षात एका मराठी वाहिनीने आम्हाला उचललं आणि रविवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली. त्या वेळी मोठी माणसं आंघोळीच्या रांगेत असतात, म्हणून ती मुलांची वेळ.

तिसऱ्या वर्षी नानांचा हात थरथरायला लागला. कंपवात. बशीतला चहा सदऱ्यावर, सही कागदाबाहेर. पण हातात ताईबाई चढली की ती सगळी थरथर तिच्या मानेत जाऊन बसायची. डबा कानाशी धरून, मान हलवत, ती विचार करायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं, काय मेहनत घेतलीय या माणसाने. आम्ही कुणाला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी गंमतच वाटायची. जो हात घरात कुणाला बघवत नव्हता, त्याला महाराष्ट्र टाळ्या वाजवत होता.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं की वर्षभरात हात वर धरणंच जमणार नाही. नानांनी ऐकून घेतलं आणि एसटीत बसल्यावर मला म्हणाले, "एकदा मोठ्या स्टेजवर तिले हातमा लई उभं राहानं शे. मंग जाऊ दे हात." तिला हातात घेऊन एकदा उभं राहायचं, नानांनी आयुष्यात मागितलेली ही एवढीच गोष्ट. वाहिनीच्या मागच्या वर्षीच्या पुरस्कारांत आमचं नामांकन एका बोलणाऱ्या हत्तीने खाल्लं होतं.

म्हणून मेघाचा फोन आला तेव्हा मी रडले. मेघा वाहिनीवर आमच्या कार्यक्रमाचं बघते. म्हणाली, "ताई, सर्वोत्कृष्ट बाहुली कार्यक्रम. आणि ट्रॉफी ताईबाईच घेणार. काका हातात घालून स्टेजवर, दोन मिनिटं बोलणार. लाइव्ह आहे." परीक्षकांनी लिहिलेल्या चार ओळीही तिने वाचून दाखवल्या. त्यात एक वाक्य होतं: 'मानेच्या सूक्ष्म कंपनातून उभं केलेलं वार्धक्य हा या कार्यक्रमाचा प्राण आहे.' नाना ते ऐकून गालातल्या गालात हसले. समारंभाला तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ, नवीन, नानांना आपल्या घरी धुळ्याला घेऊन गेला. तिथे दहा दिवस राहून डॉक्टरांकडून गोळ्यांचं प्रमाण बसवून घ्यायचं होतं. थरथर थांबवायची नव्हती, फक्त दोन मिनिटं हात वर राहिला पाहिजे एवढंच. डॉक्टर म्हणे बुचकळ्यात पडले होते.

ताईबाई मात्र माझ्याकडे राहिली. इथून पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. दर वेळी तो माझ्यावरच येऊन थांबतो.

पलीकडच्या घरात माझी आत्या राहते, बेबाबाई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. नानांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, गल्लीतल्या सगळ्या सणवारांची मुखत्यार. भाद्रपदातल्या पौर्णिमेला गल्लीच्या मुलींची गुलाबाई तिच्याच घरी बसते ती कोजागिरीपर्यंत. माहेरी आलेली मातीची गुलाबाई, शेजारी तिचा नवरा गुलोजी, रोज संध्याकाळी गाणी, आरती आणि खाऊ. बक्षिसाची बातमी कळल्यावर फुई लगबगीने आली.

"डिंपल, ताईबाईले आमनाकडे दे. गुलाबाईना जोडे बसाडसूत. तीबी माहेरनीच शे ना."

मला ते इतकं आवडलं की मी खोकंच तिच्या हातात दिलं. खरंच होतं ना ते. डबा वाजवून खाऊ ओळखायचा हा सगळा खेळ गुलाबाईकडूनच तर उचललेला. मुलींनी ताईबाईला पाटावर बसवलं, गजरा घातला. फुईने हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी फोटो काढले. एक छोटी चित्रफीतही टाकली, 'ताईबाई माहेरी आली.' अकरा हजार लोकांनी पाहिली. हळद-कुंकू लागताना मी समोर उभी होते, हसत होते, आणि उजेड नीट यावा म्हणून फुईला जरा सरकायला सांगत होते. मला वाटलं, बाजूला बसवलीय. पण पाटावर देवाशेजारी कुणी नुसतं बाजूला बसत नसतं. हे मी लहानपणापासून बघत आलेय. मला कळायला हवं होतं.

कोजागिरीला सकाळी मी नानांना आणायला धुळ्याला गेले. गोळ्या जमल्या होत्या. नवीनच्या घरी नाना मला भिंतीवरच्या घड्याळासमोर घेऊन गेले, मूठ वर धरली आणि दोन मिनिटं दहा सेकंद धरून दाखवली. वरचे दहा सेकंद टाळ्यांसाठी, असं म्हणाले. एसटीत सबंध रस्ताभर ते ताईबाईचं भाषण जुळवत होते. ट्रॉफी कानाशी धरून ती खुळखुळवणार आणि म्हणणार, फुटाणे शेत का हो यामा? मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.

दिवेलागणीला घरी पोचलो. फुईच्या दारात रांगोळी पुसट झालेली, पाट उपडा करून भिंतीला लावलेला. मी दारातूनच विचारलं.

"फुई, ताईबाई कुठंय?"

"सोडी दिधी ना, गुलाबाईसंगे. बोरीना पानीमा. बठ्ठ्या बाया रडन्यात तिले सोडताना." तिच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान होतं. मग माझ्याकडे पाहून ती गोंधळली. "काय व्हयनं? दहा दिवस तिनी आरती व्हयनी. हळद-कुकू लागनं. मंग तिले परत बुटना खोकामा कसं कोंबानं? देव शे ती आते."

तिने आमच्या बाहुलीला हेळसांडीने फेकलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. तिने तर तिला गल्लीतून वाजतगाजत नेलं होतं. पुजलेली मूर्ती घरात ठेवायची नाही, हे तिने मलाच माझ्या सातव्या वर्षी शिकवलं होतं, माझ्या हातातली गुलाबाई सोडवून घेताना. तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. आता चौतिसाव्या वर्षी तेही करता येत नव्हतं.

नाना माझ्या मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. फुईला म्हणाले, "बरं करं, अक्का," आणि घरात जाऊन बसले. चप्पलही काढली नव्हती.

सकाळी मी बोरीवर गेले. पुलाखाली माती आणि निर्माल्याचा खच होता. लगद्याचं डोकं रात्रभर पाण्यात काय राहणार? एका बाभळीच्या फांदीला केळीचे धागे गुंतलेले सापडले, आणि खाली गाळात आईच्या पातळाचा तुकडा. ताईबाईचं डोकं चिखलातून निराळं काढता येणार नाही असं झालं होतं. मी पातळ धुऊन, पिळून घरी आणलं.

नानांनी लगदा भिजवला. मला वाटलं होतं ते हातावर हात ठेवून बसतील, पण ते दोन दिवस चिकाटीने बसले. डोक्याचा गोळा झाला. गालही आले. नाक आलं नाही. नाक चिमटीत धरून ओढायचं असतं, आणि चिमूट जागेवर थांबत नव्हती. गोळ्या हात वर धरण्यासाठी होत्या, चिमटीसाठी नव्हत्या. मी म्हटलं, मी करते, तुम्ही सांगा. मी केलेलं नाक शिंगाड्यासारखं झालं. नानांनी ते बघितलं, ओल्या फडक्याने झाकलं आणि हात धुतले. शिक्षक होते ते. वाईट चित्राला वाईट म्हणायची त्यांना कधी गरज पडली नाही.

मग मी मेघाला फोन केला. झालेलं सगळं ऐकून ती म्हणाली, "दुसरी नाहीये का? म्हणजे, बॅकअप?"

"ताईबाईचा?"

"ताई, टेन्शन घेऊ नका. फोटो आहेत आपल्याकडे भरपूर. इथे एक मुलगा आहे, स्वप्नील, तो रबरात हुबेहूब करतो. काकांना फक्त घेऊन या."

दोन दिवसांनी फोटो आला. हुबेहूब होती. नकटं नाक, सुरकुत्या, कुंकू, पातळाची चौकडीसुद्धा. मी फोन नानांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, चांगलं काम आहे म्हणाले, मनापासून म्हणाले. मग म्हणाले, "ती त्या पोराची बाहुली आहे, डिंपल. त्यालाच धरू दे." मी विनवण्या केल्या, चिडले, नवीनला फोनवर घेतलं. नवीनने समजावलं की नुसते तुम्ही गेलात तरी चालेल, मान तुमचाच आहे. नाना म्हणाले, "रिकामा हात दाखवायला जाऊ का तिथं?" मी मेघाला कळवलं, स्वप्नीललाच स्टेजवर पाठवा.

समारंभाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता सगळी गल्ली आमच्या टीव्हीपुढे जमली. फुई सर्वांत पुढे, पेढ्यांचं ताट घेऊन. मुलांच्या कार्यक्रमांची बक्षिसं आधी उरकतात, मालिकांच्या नट्या यायच्या आत. सर्वोत्कृष्ट बालकार्यक्रम झाला, बालकलाकार झाला, आणि मग बाहुली कार्यक्रम म्हणून आमचं नाव पुकारलं. मंचावर एका कडेने स्वप्नील आला. तरुण, सरळ, काळ्या कपड्यांतला. हातात ताईबाई. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

फुईने ताट खाली ठेवून हात जोडले. "देख, मी सांगेल व्हतं ना," ती मला म्हणाली, डोळे पुसत. "देव शे ती. परत उनी."

मी मान डोलावली. त्या वेळी तिला काही सांगण्यात अर्थ नव्हता, आणि पुढेही कधी सांगू शकेन असं वाटत नाही.

निवेदिका परीक्षकांच्या ओळी वाचत होती. 'मानेच्या सूक्ष्म कंपनातून उभं केलेलं वार्धक्य...' कॅमेरा ताईबाईच्या चेहऱ्यावर गेला. स्वप्नीलचा हात चांगला कसलेला होता. ताईबाईने वाकून नमस्कार केला, ट्रॉफीला हात लावला, प्रेक्षकांकडे पाहिलं. तिची मान ताठ होती.

"मान हालत नही तिनी," नाना म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही, पेढे वाटणं चालू होतं. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून टीव्हीच्या दिशेने वर धरला. धुळ्याला दाखवला होता तसाच, मूठ करून, रिकामा. तो हलत होता. तिकडे सभागृहात बसलेल्या मेघासारख्या कुणाला तरी ते दिसावं असं मला वाटलं, पण टीव्ही एकाच बाजूने दिसतो. मंचावर दोन मिनिटं होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा वरचे दहा सेकंदही त्यांनी धरले.