खाचांची काठी

माझा जावई उसने पैसे मागतो आणि परत कधी देणार विचारलं की शब्दाचा उगम सांगतो. परवा म्हणाला, जर्मन भाषेत उसने देणाऱ्याला ग्लॉयबिगर म्हणतात, म्हणजे विश्वास ठेवणारा. वर हसला. मी शिलाईचं मशीन थांबवलंसुद्धा नाही.

जुन्या जर्मन शब्दांचा कोश करतोय तो, तोही नुसत्या कर्जाच्या शब्दांचा. दोन वर्षं झाली. माझी लेक नोकरी करून घर ओढते. छापखान्याची शेवटची रक्कम त्याच संध्याकाळपर्यंत भरायची होती, नाहीतर छपाई बंद. पैसे माझ्याकडे होते, पण नव्या मशीनसाठी साठवलेले. तेच मागायला दुकानात आला. म्हटलं, आधी काय छापलंय ते वाचून दाखवा. चार इयत्ता शिकले असेन, पण कान शाबूत आहेत.

त्याने छापलेला कागद उलगडला. शब्द होता केर्बहोल्ट्स. केर्बे म्हणजे खाच, होल्ट्स म्हणजे लाकूड, दोन्ही जोडून एक. खाली अर्थ : सावकार उधारीच्या खाचा पाडून स्वतःजवळ ठेवी ती काठी.

मला पटेना. माझी उधारी वहीत नसते, लिहायचा मला कंटाळा. चिंधीवर शंभराला एक असे आडवे टाके घालते आणि टाक्यांमधूनच चिंधी उभी कापते. अर्धी गिऱ्हाइकाला, अर्धी मला. पैसे फेडताना दोन्ही जुळवायच्या. काठी एकट्या सावकाराकडे राहिली आणि त्याने गुपचूप एक खाच वाढवली, तर विचारणार कोण? ते लोक इतके खुळे होते का, असं मी त्याला विचारलं.

जावई पिशवीतून जाड पुस्तक काढून बराच वेळ वाचत बसला.

"आई, काठी उभी चिरून दोघं अर्धी अर्धी ठेवत. पुढच्याच ओळीत आहे. मी घाईत वाचलंच नाही."

माझ्याशिवाय हे कोणाला कळलं नसतं, आणि मी काही पुस्तकं वाचत नाही. तरी त्याने माझ्यासमोर छापखान्याला फोन लावला, चूक आपली म्हणून सांगितलं आणि ती आठ पानं, पाचशेच्या पाचशे प्रती, रद्दीत घालायला लावली. मग मला म्हणाला, आता खर्च वाढलाय, तुम्ही नाही म्हणालात तरी समजेन. कान लाल झाले होते.

मी कपाटातलं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"जावईबापू, तुम्ही आळशी आहात, आगाऊ आहात, माझ्या लेकीला दमवलंय तुम्ही. पण लबाड नाही. जा, पैसे भरा. आणि सोमवारपासून शिकवण्या धरा, मला मशीन वर्षाच्या आत हवंय."