टाचेपाशी

“निविकाला दे ना जरा. निविका, ऐकतेस का गं?”

रेडिओच्या खरखरीतून आलेला तो आवाज बारा वर्षांपूर्वीचा. तो निविकाच्या कानात कधी येईल याला नेम नसे. आज तो जहाजाच्या शिडीपाशी आला. निविका गुडघे टेकून बसली होती आणि किनाऱ्यावर फिरून परतलेल्या सफरीच्या पाहुण्यांच्या बुटांना लागलेले शेवाळ ब्रशने खरवडत होती. तिचा हात थबकला, आणि मग आधीहून जोरात चालू लागला.

“लोकांनी दात असे घासले असते, तर माझा दवाखाना कधीच बंद पडला असता,” बुटांचे मालक वरून म्हणाले. हे लिंडेनमान, ल्युबेकचे निवृत्त दंतवैद्य.

“दुसरा पाय,” निविका म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने दुसरा पाय पुढे केला. वरच्या मजल्यावरून तिच्या बाळाचे रडणे ऐकू येत होते. जहाजाने निविकाची वस्ती सोडल्यापासून ते चालूच होते. मध्ये थोडा विसावा घेई आणि पुन्हा भरतीसारखे चढे.

“नाव काय ठेवलंत शेवटी?”

“रविवारी ठेवणार.”

“कालही रविवारच म्हणाली होतीस.”

“मग काय रोज नवा रविवार आणू?”

लिंडेनमान हसले आणि पाय आपटत आत गेले. निविका हसली नाही.

रविवारी दक्षिणेकडच्या गावात बाळाचा बाप्तिस्मा होता. वस्तीत आता पाद्री उरला नव्हता. धुक्याने गावाला नेणारे हेलिकॉप्टर अडकून पडले, तेव्हा सफरीची प्रमुख टूरिड निविकाला म्हणाली होती, तू वाटाडी म्हणून येतेच आहेस, तर बाळाला आणि आजीलाही घेऊन ये. आजीने दुपारी पाहुण्यांसमोर शिवणाला बसावे, म्हणजे झाले. गावात बाळाचा बाप होल्गर वाट पाहत होता. कॉफीचे आमंत्रण घरोघर गेले होते, केक कुणी करायचे आणि मासे कुणी उकडायचे तेही ठरले होते. ठरले नव्हते ते नाव.

निविकाला मुलीला आपल्या बापाचे नाव द्यायचे होते. एनोक. मुलगी होती म्हणून काही अडत नव्हते. वस्तीत वारलेल्या एका दांडग्या शिकाऱ्याचे नाव एका नाजूक पोरीला होते, आणि शिकाऱ्याची म्हातारी त्या पोरीला ‘अहो’ म्हणे. अडत होते ते आजीपाशी. एनोक तिचा मुलगा. तिने हो म्हटल्याशिवाय ते नाव कुणी उचलणार नव्हते, आणि रविवारी एकदा दुसरे नाव पडले की पडले.

बैठकीच्या दालनात, खिडकीशी, आजी सीलचे कातडे दातांखाली धरून मऊ करत बसली होती. रोसिने तिचे नाव. बाळ तिच्या पाठीवर, अंगरख्याच्या मोठ्या टोपडीत. ती जागच्या जागी डुलत होती. तोंडातले कातडे काढून ती मध्येच गुणगुणे:

*आली आली लाटेवरून,*
*ओले पाय घेऊन,*
*कोण आली? म्‌ म्‌ आली,*
*दार घ्या उघडून.*

वस्तीत प्रत्येक मुलाचे आपले एक गाणे असते आणि गाण्याच्या मधोमध त्याचे नाव. हे गाणे बाळ जन्मले त्या दिवशीच रोसिनेने बांधले होते. नावाच्या जागी ती तोंड मिटून नुसता हुंकार भरायची.

“आजी, खाल्लंस का काही?”

“मावशी, तू आधी ते ओले मोजे काढ. आजारी पडशील आणि निस्तरायला मी.”

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या लिंडेनमानांनी मान वर केली. प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांनी इथल्या भाषेचे थोडे शब्द पाठ केले होते आणि ते कुठे भेटतात याच्या शोधात ते असत.

“ती तुला मावशी म्हणाली?”

“हो.”

“पण ती तर तुझी आजी.”

“माझं नाव तिच्या मावशीचं आहे. तिनंच आजीला वाढवलं. ती हिवाळ्यात गेली आणि पाठोपाठ मी आले.”

“म्हणजे तू तिची मावशी?”

“तिचं माझ्याशी बरं चाललेलं असतं तेव्हा.”

“काय विचारतोय तो टकल्या?” रोसिनेने विचारले. निविकाने सांगितले. “त्याला म्हणावं, मावशीचा हात फार जड होता. म्हणून तर हिला मी अजून जपून बोलते.”

निविकाकडून ते ऐकून लिंडेनमान मोठ्याने हसले आणि बाळ जागे झाले. रोसिनेने ते मांडीवर घेतले, पाठ थोपटली, कातड्याची गोंडेदार पट्टी डोळ्यांसमोर नाचवली. रडणे वाढतच गेले. लिंडेनमान उठून आले. दात येत असतील, म्हणाले, आणि हात धुऊन आल्यावर करंगळीने त्यांनी अगदी हळू बाळाच्या हिरड्या तपासल्या.

“हिरड्या छान आहेत. दाताचा पत्ता नाही. ताप नाही, पोट मऊ. मग ही रडते कशासाठी?”

निविकाने ते आजीला सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. असे रडणारे मूल आपले नाव मागत असते, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

लिंडेनमान कॉफी आणायला गेले तेव्हा निविका आजीच्या पायाशी बसली.

“मावशीचं ऐकायचं असतं ना?”

“ऐकायचं असतं. काय ते बोल.”

“तिला एनोक म्हणू दे.”

“ज्युस्टिने चांगलं नाव आहे. माझी बहीण वसंतात गेली, नावासाठी ताटकळली असेल बिचारी.”

“ती कशाला ताटकळेल? तिच्या नव्या नातवंडांनी घेतलंय तिचं नाव. तुझ्या मुलाचं कुणाकडेच नाही.”

रोसिनेने दोरा दातांनी तोडला. “बोट मिळाली नाही, माणूस मिळाला नाही. जिवंत माणसाचं नाव असं वाटायचं नसतं.”

“बारा वर्षं झाली, आजी.”

“मला मोजता येतं.”

“पोलिसांनी फाइल बंद केली. होल्गरची आई म्हणते, निदान एक क्रूस तरी—”

“होल्गरच्या आईनं आपल्या माणसांचे क्रूस लावावेत.” सुई कातड्यात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मग रोसिने तिच्याकडे न बघता म्हणाली, “तुझा मुलगा, तुझा मुलगा म्हणतेस. तुझा कुणीच नव्हता का तो?”

निविका उठली. “वर बोलावलंय मला,” ती म्हणाली. कुणी बोलावले नव्हते.

सुकाणूघरात टूरिड नकाशावर वाकली होती. नॉर्वेची, उंच, कमी बोलणारी बाई. प्रत्येक सफरीत एकदा ती जहाजाचे यंत्र बंद करायला लावी आणि सगळ्यांना पुढच्या डेकवर गप्प उभे करी, बर्फाचा आवाज ऐकू यावा म्हणून. घरी गेल्यावर पाहुणे अस्वलाबद्दल दोन ओळी लिहीत आणि त्या गप्पपणाबद्दल पानभर.

“बरी आलीस. आज कुठं थांबायचं? हिमनदीच्या तोंडाशी?”

निविकाने नकाशावर बोट ठेवले. “इथं.”

तिथे एक काळा कडा होता. डोंगर समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा दिसे, म्हणून वस्तीतले लोक कड्याला टाच म्हणत. सीलच्या शिकारीहून परतताना एनोकने ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी टाचेच्या वळणावरून बोटीतल्या रेडिओवरून घरी हाक मारली होती. त्यानंतर आवाज आला नाही आणि बोटही आली नाही. रोसिने पुन्हा या बाजूला कधी फिरकली नव्हती.

“इथं ना बर्फ, ना पक्षी,” टूरिड म्हणाली. “लोकांनी ऐकायचं काय?”

“काही नाही.”

टूरिडने तिच्याकडे जरा वेळ पाहिले. बरीच वर्षे ती या किनाऱ्यावर येत होती. ती कॅप्टनशी बोलायला वळली.

दुपारपर्यंत धुके कड्यांच्या कमरेपर्यंत वर चढले. मग यंत्र थांबले. इतके दिवस पायांखाली होती ती थरथर गेली, तेव्हाच ती होती हे कळले. पाहुणे डेकवर जमले. कॅमेरे खाली ठेवा, टूरिड हलक्या आवाजात म्हणाली. जागेवरून हलू नका, कपडे सळसळतात. टोप्या काढा, कान मोकळे करा. तिने हात वर केला आणि कुजबुज विझली. पांढरी डोकी, टक्कल पडलेली डोकी, वेण्या, सगळी उघडी. सगळे पाण्याकडे तोंड करून उभे.

जहाज का थांबले ते पाहायला रोसिने बाहेर आली. बाळ कधी नव्हे ते पाठीवर झोपले होते. दारातच ती थांबली. उघड्या डोक्यांच्या त्या रांगांकडे पाहून तिचा आवाज आपोआप खाली आला.

“कोण गेलं गं यांचं?”

“कुणी नाही. ऐकतायत.”

“काय?”

निविका बाजूला सरली. रोसिनेने लोकांच्या खांद्यांपलीकडे पाहिले. काळा ओला कडा, त्याच्या पायथ्याशी शेवाळाची पट्टी, आणि खाली हिरवट, स्वस्थ पाणी. तिचा हात टोपडीच्या दोरीवर गेला. ती मागे वळणार, तेवढ्यात लिंडेनमानांनी तिला पाहिले. वयस्कर बाई मागे उभी, हे त्यांना बरे वाटले नसावे. त्यांनी बाजूला सरून तिला कठड्याशी वाट करून दिली, त्यांचे पाहून पुढचेही सरले. वाट पुढे झाली होती, मागे नव्हती. रोसिने चालत कठड्यापाशी गेली. निविका तिच्यामागून.

“तू थांबवलंस,” रोसिने पुटपुटली.

“हो.”

“मला न विचारता.”

“विचारलं असतं तर आली असतीस?”

पाणी जहाजाला चाटत होते. वर कुठेतरी एक दगड सुटला, कड्यावरून टकटकत आला आणि पाण्यात विरला. पुन्हा काही नाही. मग बाळ जागे झाले.

ते पूर्ण ताकदीने रडले. कड्याने ते रडणे उचलले आणि परत पाठवले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून ओठांवर बोट ठेवले. निविका घाईने बाळाला आत न्यायला पुढे झाली, तशी रोसिनेने तिची बाही धरली.

“रडू दे. इथं अजून कुणी रडलंच नाही.”

ती हे कुजबुजली नाही, चुलीपाशी बोलावे तशी बोलली. शब्द कुणाला कळले नाहीत, पण कुणी पुन्हा वळून पाहिले नाही. टूरिडने हातातल्या घड्याळाकडे एकदा पाहिले आणि ते खिशात टाकले.

रोसिनेने बाळाला पाठीवरून पुढे घेतले.

“रेडिओवर सारखा म्हणत होता, निविकाला दे, निविकाला दे. मी तुझ्याकडे बघतेय, आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलेली.”

“त्यानं मला शिकारीला नेलं नव्हतं,” निविका म्हणाली. बाविशीतल्या बाईचा आवाज नव्हता तो. “नेतो म्हणाला होता.”

“तरी एक शब्द बोलायचा.”

“मला काय माहीत!”

“कुणालाच माहीत नव्हतं, बाळा. मी सांगितलं त्याला, झोपलीय. बरं, झोपू दे, म्हणाला.” रोसिनेने बाळाची निसटलेली टोपी सारखी केली. “त्या दिवसापासून तू त्याला बाबा म्हणाली नाहीस. एनोक म्हणतेस. तुझा मुलगा म्हणतेस. मी वाट बघत राहिले. नाव मी कधीच दिलं असतं गं. पण इतक्या लांबून यायचं, आणि ज्या घरात यायचं तिथं कुणी तोंड उघडून हाक मारायची नाही... असं कसं येऊ देऊ मी त्याला?”

निविका कठडा धरून उभी होती. लोखंड थंड होते, आणि हातमोजे तिने मघाशी टोपीबरोबर काढून ठेवले होते.

रोसिनेने बाळाच्या कपाळाला कपाळ लावले. “एनोक,” ती म्हणाली. जरा थांबली. “एनोक, लेका.” आणि तिने मूल निविकाच्या हातात दिले.

बाळ शांत झाले नाही. तोंड लाल करून, मुठी आवळून ते रडतच राहिले, आणि निविकाने त्याला छातीशी न धरता समोर धरले, दोन्ही हातांत, चेहरा दिसेल असे. तिचे ओठ हलले आणि मिटले. लिंडेनमान आपल्या बुटांकडे बघत होते. बाळाने श्वास घ्यायला क्षणभर रडणे थांबवले.

“बाबा,” निविका म्हणाली, “मी जागी होते.”