चाकाखालून चार मिनिटं आधी

दचकू नका, मी बोलतेय. खरं तर दचकण्याचं काम माझं. जन्मभर तेवढंच करत आलेय. मी एक पाचर. विमान उभं असलं की चाकाच्या पुढे-मागे दोन रबरी ठोकळे लावतात ना, त्यातली मागची. तळावरची माणसं मला 'चॉक' म्हणतात. एवढं मोठं धूड माझ्यासारख्या भित्रीच्या भरवशावर उभं करतात, याचं मला कायम नवल वाटायचं.

जुन्या टायरांचा चुरा तापलेल्या साच्यात दाबून मला घडवलं. त्या साच्यात एक किंकाळी उठली होती. ती माझी की यंत्राची, अजून ठरलेलं नाही. मग अंगावर पिवळा पट्टा आला, नंबर आला, आणि मी या तळावर मुकादमाच्या हाती पडले.

मुकादम चाळिशीचा, आडव्या अंगाचा. विमान थांबलं की मला चाकाशी सरकवायचा, वर बुटाने दोन लाथा हाणायचा आणि म्हणायचा, "बस गं बाई, हलू नकोस." लाथ लागायची, पण त्या 'बाई'मुळे राग टिकत नसे.

शेजारच्या जागेवर दुसऱ्या कंपनीची विमानं लागायची. तिथला मुकादम म्हणजे आमच्या मुकादमाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एका घरातले दोघे, दोन वैरी कंपन्यांत. दिवसभर टोमण्यांची फेकाफेक चालायची.

"भावोजी, तुमचं विमान उठलं का? का त्याला अजून जांभया येतायत?"

"मेव्हणे, आमचं सावकाश जातं, पण सामानासकट जातं!"

मग दोघे एकाच डब्यातून पोळी-भाजी खायचे. डबा ताईने भरलेला असायचा.

हे हसणं संपवलं सेकंदसाहेबांनी. ते आमच्या कंपनीचे इथले मॅनेजर. मनगटावरच्या घड्याळाशिवाय त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. कोणत्या कंपनीची विमानं वेळेवर सुटतात याची यादी दर महिन्याला लागे, आणि आम्ही त्यात दुसरे होतो. आता विमान सुटल्याची वेळ कोणती धरायची? तर चाकाखालून मला काढलं ती. साहेबांनी तेवढं नेमकं हेरलं.

"सामान चढत राहील, माणसं चढत राहतील," ते मुकादमाला म्हणाले. "वेळ झाली की चॉक काढायची. महिन्यात दोनदा उशीर झालाय तुझ्याकडून. तिसऱ्यांदा झाला तर तू आणि तुझी टोळी, सगळे गेटाबाहेर."

मुकादमाच्या टोळीत अकरा माणसं होती. तो "हो" म्हणाला.

यात भीती कसली ते सांगते. घाईघाईने उतरून लगेच परतायच्या विमानाचे ब्रेक भाजून निघालेले असतात. ते निवावेत म्हणून वैमानिक ब्रेक सोडून ठेवतो, माझ्या भरवशावर. म्हणून मला ओढण्याआधी मुकादम वर काचेकडे पाहून मूठ आवळून दाखवायचा, म्हणजे ब्रेक लाव. वरून मूठ दिसली की मगच मला हात लावायचा. विमान खरोखर निघायच्या चार मिनिटं आधीच मला काढायचा, पण मूठ दाखवल्याशिवाय कधीच नाही.

त्या दुपारी मूठ दुसऱ्याच कामाला लागली.

तळावर चढायच्या शिड्या मोजक्या, दोन्ही कंपन्यांत मिळून वापरायच्या. जो आधी आपल्या गाडीला अडकवेल त्याची. आमचं विमान भरत होतं, मागच्या दाराला शिडी हवी होती, आणि तीच शिडी भावोजींच्या माणसांनी ओढायला घेतली. मुकादम धावला. जादा पडलेली चॉक म्हणून त्या वेळी मी त्याच्या हातात होते; चाकामागे माझ्या जागी दुसरी लावलेली होती.

"सोडा भावोजी. आज उशीर झाला तर अकरा घरं बसतील माझी."

"आणि माझी काय सिनेमाला जातील?"

कुणी आधी ढकललं ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटले होते. कॉलर फाटल्याचा आवाज आला, कुणाचं तरी डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं, आईबहिणी उद्धरल्या गेल्या. आणि मग मी हवेत उचलली गेले. माझी कड भावोजींच्या कपाळावर बसली. मऊसर, ओला आवाज झाला. त्यांचं रक्त माझ्या पिवळ्या पट्ट्यावरून ओघळलं. ते गरम होतं.

"मेव्हणे..." एवढंच म्हणून भावोजी खाली बसले.

तेवढ्यात साहेब किंचाळत आले. "वेळ झाली! मारामारी नंतर करा! काढ चॉक!"

मुकादम वळला. एका हातात मी होते. तो चाकाशी वाकला आणि दुसऱ्या हाताने त्याने मागची चॉक ओढून काढली. वर पाहिलंच नाही त्याने. मूठ दाखवली नाही.

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तळाला किंचित उतार असतो. विमान आधी नुसतं शहारलं. मग मागे निघालं. सावकाश, जराही आवाज न करता. पुढच्या दाराची शिडी दाराच्या पत्र्याला ओरबाडत कलली. वरच्या पायरीवर एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. ती कठड्याला लोंबकळली. पोटातल्या कप्प्यात सामान लावणारा माणूस आतून ठोकत ओरडत होता. सामान वर चढवायचा सरकता पट्टा वाकला आणि काडीसारखा मोडला.

मुकादम जागच्या जागी थिजला. मी त्याच्या हातात. "टाक मला!" मी ओरडले असते, पण मला कुठलं तोंड?

मला त्याच्या हातातून हिसकावलं ते भावोजींनी. रक्ताने एक डोळा मिटलेला, तरी ते धावत आले. चाकामागे मला टाकलं, चाकाने उडवून लावलं. पुन्हा टाकलं, पुन्हा उडाले. तिसऱ्यांदा त्यांनी मला दोन्ही हातांनी चाकाखाली दाबून धरलं आणि सोडलं नाही. चाक माझ्या अंगावर चढलं. हाडं मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. मग सगळं थांबलं.

बाई, लेकरू, कप्प्यातला माणूस, सगळे वाचले. भावोजींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौथ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर होते, पिशवीत, पुरावा म्हणून. साहेबांनी कागद तयार ठेवला होता: दुसऱ्या कंपनीचा मुकादम आमच्या हद्दीत घुसला, त्यानेच वैराने चॉक ओढली, ओढताना हात सापडला. त्याचं रक्त चॉकवर आहेच.

"सही कर. नोकरी शाबूत, टोळी शाबूत."

मुकादमाने पेन उचललं.

दार ढकलून ताई आत आली. दवाखान्यातून थेट. ती भावाकडे गेली आणि खाडकन त्याच्या मुस्कटात मारली.

"ही त्यांच्या कपाळाची," ती म्हणाली. "आता काय लिहितोयस ते वाच मोठ्याने. डबा भरलाय तुझा मी पंधरा वर्षं. वाच."

"बाई, तुम्ही बाहेर..." साहेब उठले.

"तुम्ही बसा!"

साहेब बसले.

मुकादमाने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवरच त्याने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'चॉक मी काढली. चार मिनिटं आधी. साहेबांच्या हुकमाने, रोज. कपाळ मी फोडलं. विमान त्यांनी थांबवलं.' खाली सही केली. साहेबांनी कागद ओढायला झडप घातली, तेव्हा ताईने तो आधीच पदरात घेतला होता.

मुकादमाची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. त्याच्यावर खटला आहे, साहेबांवरही आहे. टोळीतल्या अकरांपैकी सातांना भावोजींच्या कंपनीने घेतलं. चौघे अजून घरी आहेत.

मी कुलूपबंद कपाटात आहे, अंगावर चाकाचा ठसा घेऊन. बाहेर इंजिन गरजलं की अजून दचकते. लोक म्हणतात, या पाचरीने विमान अडवलं. तसं कुठे लिहू नका, एवढीच विनंती. मी रबर आहे. मला दोनदा उडवून लावलं होतं. तिसऱ्यांदा मी जागेवर राहिले, कारण कुणीतरी हात काढून घेतला नाही.