शेडवाल्यांचे आभार

गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये औषधाला कोंबडी नव्हती. तिथे नशेच्या गोळ्या बनतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या गोळ्या खाऊन बेशुद्ध पडलेली तिसरी मुलगी दवाखान्यात आली, तेव्हा नर्सबाई गावच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

"ते शेड बंद करा."

कुणी मान वर करीना. शेवटी त्यांचा सख्खा भाऊच म्हणाला, "ताई, खाली बस. तुझी भावजय तिथंच पाकिटं भरते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या तुझीच लेक बेशुद्ध पडली तर?"

"आत्याच नर्स आहे ना तिची!"

सगळे हसले. मग गावाला नवा रस्ता बांधून दिल्याबद्दल शेडवाल्यांच्या आभाराचा ठराव झाला. बाई तरातरा दवाखान्यात परतल्या आणि पोलिसांना चौथं पत्र लिहायला बसल्या. आधीच्या तिन्हींना उत्तर नव्हतं.