झाऊच्या खुणा

उद्धवरावानं पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या सायबाकडं माळीकाम धरलं आणि त्याची चालच बदलली. एका रविवारी तो काखेत ओल्या काठ्यांचा भारा मारून गावात आला. बारीक पाल्याचं, गुलाबी तुऱ्याचं झाड.

"झाऊ म्हणत्यात ह्याला. सायबाच्या बंगल्याला कुंपण हाय ह्याचं. पाणी घालाया नको, खत नको, मर म्हणलं तरी मरत न्हाई."

"तुमच्यावानीच हाय की," मी म्हणलं.

आईनं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

आमचं निघोजं गाव इंद्रायणीच्या काठाला. पावसाळा सरला की नदीच्या वाळूत काकडीच्या वाड्या घालायच्या. ज्यानं चार कोपऱ्याला काठ्या रोवल्या त्याचा तो पट्टा. पुढल्या पुरात काठ्या जायच्या, पट्टे मोकळे व्हायचे, पुन्हा रोवायच्या. आणि ज्याची खूण पुरात टिकंल त्याचा पट्टा कायमचा, असं म्हातारी माणसं सांगायची. टिकायची कुणाचीच न्हाई, म्हणून भांडणबी कधी झालं न्हाई.

आमाला रान न्हाई. बाप गेल्यापास्नं आई ती काकडी पाटीत घालून चाकणच्या बाजारात विकायची. आमची चूल पेटायची ती त्याच्यावरच.

त्या साली उद्धवरावानं आमच्या शेजारच्या पट्ट्याला बाभळीच्या काठ्यांऐवजी झाऊच्या रोवल्या. थोड्या दिसांत त्यांना पालवी फुटली. सारं गाव कौतुकानं बघून आलं. मीबी गेले. खुणेची काठी वाढाया लागलीया आणि माणसं माना डोलवत्यात, हे काय मला झेपलं न्हाई.

पावसाळ्यात पूर आला. सगळ्यांच्या काठ्या गेल्या. झाऊ आडवा झाला आणि पाणी उतरल्यावर पुन्हा उठून बसला. वर त्याच्या मोडक्या फांद्या वाळूत गाडल्या गेल्या, त्याबी फुटल्या. कार्तिकात आमी मागल्या सालचाच पट्टा धराया गेलो तर जागोजाग माझ्या गुडघ्याएवढा झाऊ. मधी उद्धवराव, हात मागं बांधून.

"सारजाबाई, यंदा दुसरीकडं बघा. हितं माझी खूण हाय," तो आईला म्हणाला.

"ही तुमी रोवली व्हय?" मी इचारलं.

"माझ्याच झाडाचं पिल्लू हाय ते. पुरात टिकलंय. रीत म्हणजे रीत."

"मग कोंबडी आमच्या अंगणात हगली की अंगण तुमचं का?"

आईनं ह्या वेळी गुद्दा घातला न्हाई.

चावडीवर गेलो. बबनराव पाटील सुपारी कातरत होते. दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रीत बापजाद्यांची हाय, सारजाबाई. मला मोडता यायची न्हाई. वाईट वाटतंय."

वाईट वाटणाऱ्याचा अडकित्ता थांबत न्हाई, हे तवा बघितलं. आई खाली बघत उठली. दुसरीकडं पट्टा कुठला? वाळू सगळी धरून झाली होती. माझं डोकं फिरलं.

"पाटील, तुमच्या पट्ट्यात डोहाच्या अंगाला जाऊन आलासा का? तिथला झाऊ आमच्यापेक्षा उंच हाय. ह्या हिशोबानं तोबी उद्धवरावाचाच."

अडकित्ता थांबला. उद्धवराव खाकरला. "पाटलांची गोष्ट येगळी हाय, पोरी."

"रीत म्हणजे रीत की."

पाटील उठून नदीकडं गेले. आले ते पोटऱ्यापत्तोर चिखलात. बसले, पाय पुसले, आणि म्हणाले, "खूण म्हणजे वाळली काठी. ओलं असंल ते झाड. झाडाला हक्क न्हाई."

"हे मगाशी बापजाद्यांनी सांगितलं न्हवतं?"

"सारजाबाई, हिला घरी न्या."

असा पट्टा आमचा झाला, झाऊसकट. मी आणि आई कुदळ घेऊन भिडलो. वरचं तोडलं की खालनं फुटतंय. मुळी तर वाळूत अशी खोल गेलीया की निम्म्या बाहूपत्तोर हात घातला तरी टोक लागंना. काकडीच्या बियाचा हंगाम डोक्यावर आलेला, हाताला फोड. आई म्हणाली, "सायबाला कुंपणाला निवडुंग सापडला न्हाई व्हय गं?"

निम्मा पट्टा साफ झाला तवा पाटलांचा गडी आला. "पाटील म्हणत्यात, तुमचं उरकलं की आमच्याबी पट्ट्यातला काढून द्या. पोरीच्या हाताला आता सवय झालीया."

आई माझ्या तोंडाकडं बघाया लागली. मी कुदळ टेकवली.

"सांग त्यास्नी, मर म्हणलं तरी न मरणाऱ्या झाडाला माळीच लागतो. गावात एक हाय. आता आमाला काकडीचं बी टाकायचंय."