छत्री आडवी हलवायची नाही

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पावसातली नव्हे हं, उन्हातली. समुद्रकिनारी वाळूत रोवतात ना, चार माणसं खाली बसतील एवढी मोठी, ती मी. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते. मी काळजीखोर आहे. वारा सुटला की मला वाटतं, आता मी उडणार आणि कुणाच्या तरी डोळ्यात काडी जाणार. वारा पडला की वाटतं, हा एवढा का पडला? मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण बहुतेक मला बघूनच कुणीतरी केली असावी.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पिवळ्या-पांढऱ्या जाड कापडाचे आठ तुकडे जोडून मला शिवलं. प्रत्येक शिवण त्यांनी दोनदा घातली. "समुद्रावर जायचीय ही, एका शिवणीने भागायचं नाही," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. ते ऐकलं आणि तेव्हाच माझी काळजी सुरू झाली. समुद्रावर असं काय असतं, हा विचार करत मी कागदात गुंडाळली गेले.

समुद्रावर काय असतं ते मग कळलं. मोठमोठ्या हॉटेलांचं शहर संपलं की आमचा किनारा सुरू होतो. लांबच लांब. फाटक नाही, तिकीट नाही, कुणी या म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. शहरातून बसने माणसं येतात, चपला काढतात, पाय पसरतात आणि दिवसभर काही म्हणजे काही करत नाहीत. सगळे निवांत, मी एकटीच काय ती जीव मुठीत धरून उभी.

माझे मालक छत्र्या भाड्याने देत. त्यांना सगळे छत्रीकाका म्हणत. त्यांच्या चाळीस छत्र्या एका रांगेत उभ्या असत. काका बोलत कमी, पण एक वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता ऐकवत. "पाणी वर आलं की मला हाक मारा. छत्री मी मागे घेईन, सरळ मागे. आडवी हलवायची नाही." लोक हसत. पण काकांचं म्हणणं साधं होतं. किनाऱ्यावर गल्ल्या नाहीत, दारं नाहीत, पाट्या नाहीत. पोहायला गेलेला, फिरायला गेलेला माणूस छत्री बघूनच परत येतो. ती पाण्यासमोरच मागे सरकली तर सापडते. बाजूला गेली की घरच गेलं.

पहिली काही वर्षं माझी चैन होती. मी रांगेत मधोमध असे. माझ्याखाली बसून लोक फोटो काढत, "ही पिवळी छान आहे," म्हणत. मला बरं वाटे. खोटं कशाला बोलू? मग रंग उडाला. आता माझ्यातलं पिवळं कुठलं आणि पांढरं कुठलं, हे फक्त मलाच माहीत आहे. एकदा कापड फाटलं, तर काकांनी जुन्या पँटचं निळं ठिगळ लावलं. नव्या छत्र्या आल्या आणि मी रांगेच्या पार टोकाला गेले. गर्दीच्या दिवशी दुसरी कुठली उरली नाही, तरच मला उघडत. त्याचं वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

तो असाच सुट्टीचा, गर्दीचा दिवस होता. माझ्याखाली एक कुटुंब आलं. मुलगा, सून, सात-आठ वर्षांची नात आणि आजोबा. आजोबा निवृत्त पोस्टमन. जन्मभर पायी हिंडलेला माणूस. दहा मिनिटं बसले आणि उठले.

"मी जरा पाय मोकळे करून येतो."

"आजोबा, निळं ठिगळ लक्षात ठेवा," नात म्हणाली. "हल्ली तुम्ही विसरता."

"ठिगळं घालूनच शाळेत गेलोय मी. ठिगळ कसं विसरेन," आजोबा म्हणाले आणि हसत निघाले.

ते दिसेनासे झाले आणि शेजारी एक टोळकं येऊन बसलं. त्यांनी गाणी अशी लावली की माझ्या काड्या थरथरू लागल्या. सुनेचं डोकं दुखायला लागलं. "आपण तिकडे खडकांच्या पलीकडे बसू या का? शांत आहे," ती म्हणाली. काका तेव्हा रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. मुलाने त्यांना हाक मारली नाही. सरळ मला उपटलं आणि खांद्यावर टाकलं.

"बाबा, आजोबांना कसं कळणार?" नातीने विचारलं.

"दिसेल की त्यांना. एवढी मोठी छत्री आहे."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मी मोठी होते, पण खडक माझ्याहून मोठे होते. पलीकडून मी कशी दिसणार? मी रुतले नाही, वाकडी झाले, दोनदा पडले. मुलगा वैतागला आणि त्याने मला आणखी खोल रोवलं.

तासभर गेला. पाणी चढू लागलं. सून म्हणाली, "बाबा अजून आले नाहीत." तिने फोन लावला. आजोबांचा फोन माझ्याच सावलीतल्या पिशवीत वाजला. तो वाजताना कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

मुलगा धावत गेला आणि धापा टाकत परत आला. "कुठेच नाहीत." सून पाण्याकडे बघत होती. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्या मनात ते केव्हाच येऊन बसलं होतं. नात रडायला लागली.

तेवढ्यात एक छत्री कमी दिसते म्हणून काका शोधत आले. सगळं ऐकलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आधी कुठे बसला होतात?"

मुलाने बोट दाखवलं. काकांनी मला उपटलं, जीवरक्षकाला गाठून एका बाजूला धाडलं, मुलाला दुसऱ्या बाजूला. मुलगा म्हणाला, "तुम्हीही या ना शोधायला." काका म्हणाले, "सगळेच शोधत फिरलो तर तो माणूस परत कुणाकडे येईल?"

आमच्या जुन्या जागेवर पाणी आलं होतं. मागेही पाणी पसरलेलं, रोवायला कोरडी वाळू नाही. गाणीवाले केव्हाच उठून गेले होते. काका नडगीभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी मला उघडून दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. सून नातीचा हात घट्ट धरून मागे उभी राहिली. वारा वाढला. ज्या वाऱ्याला मी जन्मभर भ्याले, तो पुरता माझ्या आत शिरला. माझी एक काडी मोडली, मग दुसरी. रांगेतल्या छत्र्या एकेक करून मिटल्या. किनारा रिकामा होत गेला आणि उघडी मी एकटीच उरले. ते येणार नाहीत, असं मला अगदी खात्रीने वाटू लागलं होतं.

मुलगा एकटाच परत आला, आणि त्याच्या नकळत मागून, थोड्या अंतरावरून, आजोबा आले. चपला हातात. रांगेतली प्रत्येक मिटलेली छत्री निरखत येत होते. माझ्यासमोर थांबले आणि वर बघितलं.

"बाबा, कुठे होतात?" मुलाने विचारलं.

"इथे दोनदा येऊन गेलो," आजोबा म्हणाले. "मग बसथांब्यावर जाऊन बसलो. वाटलं, मला ठेवूनच गेलात. म्हटलं, शेवटचं एकदा बघून यावं."

मुलाने वडिलांच्या हातातल्या चपला घेतल्या आणि तिथेच पाण्यात वाकून तो त्या त्यांच्या पायांत घालू लागला.

"अरे, ओल्या होतील," आजोबा म्हणाले. तो ऐकेना.

आता मी काकांच्या खोलीत कोपऱ्यात मिटून पडले आहे. काड्या दुरुस्त होतील की नाही, ही नवी काळजी आहेच. पण मित्रांनो, माझं एक मागणं आहे. किनाऱ्यावर खुशाल या. ऊन टाळा, गोंगाट टाळा, हवं तिथे बसा. फक्त तुमच्यातलं कुणी फिरायला गेलं असेल, तर ते येईपर्यंत एकाने तरी जागा धरून बसा. तुमच्याकडे परत आलेल्या माणसाला रिकामी वाळू दिसू देऊ नका.