निवांताची घंटा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत निवांताची घंटा माझ्याकडे असते. पितळेची आहे, मुठीत मावेल एवढी. शुभंकर पाळकांनी ती माझ्याकडे दिली, कारण सत्तर माणसांना गप्प बसवायचं तर मराठी शाळेत तीस वर्षं पाचवीचे वर्ग सांभाळलेली बाईच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं ते. माझ्यासमोर खोकायची कुणाची टाप नव्हती.

निवांत म्हणजे काय ते आधी सांगते. रविवारी उपदेश संपला की वीस मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. गाणं नाही, पेटी नाही, देवाकडे मागणंबिगणं काही नाही. डोळे मिटून त्याच्यापुढं नुसतं बसायचं. पाळकसाहेब म्हणाले होते, "आपणच सारखे बडबडतो, त्याला बोलू द्या की जरा." पण आमचे बडोद्याचे लोक! पहिल्या रविवारी अर्ध्यांनी घड्याळं बघितली, दोघातिघांनी फोन चाळले आणि आमच्या शैलानं तर पर्समधून सुपारी काढून कडाकडा फोडली. मग मी नियम केले. फोन बंद. हलायचं नाही. आणि शेजारच्याला हात लावायचा नाही. कोण कुणाचा नवरा, कोण कुणाची आई, हे वीस मिनिटं विसरायचं. हा शेवटचा नियम पाळकांचा नव्हता, माझा होता. आमच्या ह्यांच्यामुळं केला होता.

आमचे हे म्हणजे धनाजीराव. त्यांचे पणजोबा इथल्या सरकारी पलटणीत होते, मिशीवाला फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. पुढं घर ख्रिस्ती झालं, पण नावामागचा राव काही सुटला नाही. पलटणीतलं सावधान मात्र ह्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पादरा रोडला चाळीस वर्षं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज चालवलं, आणि हाताला सतत काहीतरी लागायचं. देवळात बसले की गुडघा हलायचा, खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. वर पंख्याकडे बघून माझ्या कानात सांगायचे, "बेअरिंग गेलंय बघ त्याचं."

आणि निवांत सुरू होऊन पाच मिनिटं झाली की ह्यांचा हात यायचा. करंगळीनं माझ्या मनगटाला टोचायचे. "संपलं का गं, मास्तरीण?"

"अहो, गप्प बसा." मी डोळे न उघडता हात झटकायची. मागच्या ओळीतल्या पोरी खुसुखुसु हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घंटा जिच्या हातात, तिचाच नवरा असा!

घरी येऊन मी बोलायची. फार बोलायची, खोटं कशाला सांगू. "एकदा, फक्त एकदा माणसासारखं देवापुढं बसून दाखवा. मग मागाल ते करून घालीन." त्यावर हे हसायचे. "अरे बस ने हवे, पुरे आता! देवाला माहीत आहे मी कसा आहे ते. त्यानंच बनवलाय ना मला?"

मी घरी रोज प्रार्थनेत हेच मागायची. लोक पोराबाळांसाठी मागतात, दुखण्यासाठी मागतात. मी मागायची, देवा, ह्यांना एकदा तुझ्यापुढं गप्प बसव.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार होता. सकाळी हे म्हणाले, "छातीत जळजळतंय गं." आदल्या संध्याकाळी मित्रांबरोबर शेव-उसळ हाणून आले होते, वर दोनदा तर्री. मी म्हटलं, "खा अजून." कपभर थंड दूध दिलं आणि चला चला करून घराबाहेर काढलं. साडेसातची उपासना, दहाला तिथंच गुजराती मंडळी येते, आम्हाला उशीर करून चालत नाही. आणि घंटा माझ्याकडे होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी मी घंटा वाजवली. पाचेक मिनिटं झाली असतील. हात आला. या वेळी करंगळी नव्हती, पंजा होता. माझं मनगट धरलं. हाताला घाम होता. मला वाटलं, झालं ह्यांचं सुरू. मी झटकला.

थोड्या वेळानं परत आला. आता त्यात जोर नव्हता, माझ्या हातावर नुसता येऊन पडला. मी माझा हात काढून पदराखाली घेतला. "गप्प बसा म्हटलं ना," मी दात आवळून म्हणाले. डोळे तेव्हाही उघडले नाहीत. नियम माझा होता ना!

आणि हे गप्प बसले.

बराच वेळ काही हालचाल नाही, म्हणून मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. मान छातीवर टेकलेली, दोन्ही हात मांडीवर, गुडघा थांबलेला. किल्ल्या वाजत नव्हत्या. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, असं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं. आनंदानं हो, आनंदानं! मी देवाचे आभार मानले. ऐकलंस रे बाबा माझं, म्हटलं. वीस मिनिटं झाली तेव्हा मी घंटा उचलली आणि परत खाली ठेवली. आज लागलंय त्यांचं मन, बसू दे अजून जरा. घड्याळात बघून तीन मिनिटं जास्त दिली मी त्यांना.

घंटा वाजली, सगळ्यांनी डोळे उघडले, ह्यांनी नाही. शैला ह्यांची चुलत बहीण, ती हलवायला पुढं झाली. मी तोंडावर बोट ठेवलं. "राहू दे. आज बसू दे त्यांना." पाळकसाहेबांनीही मान हलवली, त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. सत्तर माणसं चपलांचा आवाज न करता अंगणात चहाला गेली. मीही गेले. कप हातात धरून प्रत्येकाला विचारत होते, "पाहिलंत ना आज आमच्या ह्यांना?" आग लागो माझ्या तोंडाला. ते आत तसे, आणि मी बाहेर चहा पीत होते.

देवळाची देखभाल करणारे गोविंदराव पंखे बंद करायला आत गेले. त्यांची हाक आली तेव्हा कप माझ्या हातातच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." तिसऱ्या दिवशी हे गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

मग सुरू झालं सगळ्यांचं. कसलं सोन्यासारखं मरण आलं! देवापुढं निवांत बसल्या बसल्या बोलावणं आलं! पुरायच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, धनाजीराव प्रभूमध्ये निजले, त्याचा आवाज ऐकता ऐकता निजले. बायका माझे हात हातात घेऊन म्हणायच्या, "भाग्यवान आहात, कांचनबाई." मी त्या हातांकडे बघत राहायची.

आमची मिताली, एकुलती एक, इथंच पण लांब हरणीला राहते. त्या रविवारी ती आली नव्हती, तिच्या मुलीची, पूर्वीची, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. आपण नव्हतो, हे तिच्या मनाला फार लागलं. तिनं मला विचारलं, "आई, पप्पांना काही कळलंच नाही ना? शांतपणे ना?"

"हो गं. शांतपणे."

त्यानंतर वर्षभर आठवड्यातून दोनतीनदा फोनवर तिनं हेच विचारलं, आणि मी हेच सांगितलं. तिनं पप्पांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. एकदा म्हणाली, "आई, हे एवढं एक आहे म्हणून मी उभी आहे." आता सांगा, त्या पोरीला मी काय सांगणार होते? की तुझ्या बापानं मदत मागितली आणि तुझ्या आईनं हात पदराखाली लपवला?

इकडे दर रविवारी मी घंटा वाजवायची आणि डोळे मिटायची. पाच मिनिटं झाली की मनगट ओलं व्हायचं. वर्षभर बसले मी अशी. देव एक अक्षर बोलला नाही. मीही त्याला काही म्हटलं नाही, कारण काय म्हणणार? त्यानं माझं मागणं पुरं केलं होतं, शब्दाला शब्द.

वर्ष झालं. पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला सांगितलं. म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. मी चांगलं दीड पान लिहून काढलं, शांतीबद्दल, निवांताबद्दल. मिताली त्या दिवशी मुद्दाम आली. पुढच्या ओळीत बसली, मधली खुर्ची पप्पांची म्हणून मोकळी ठेवली, पलीकडची माझी. मी कागद घेऊन उभी राहिले.

समोर दुसऱ्या ओळीत मोहना बसली होती. सातवा महिना तिला. नवऱ्यानं तिचा हात हातात घेतला होता. निवांत सुरूसुद्धा व्हायचा होता अजून. पण मी बघतेय म्हटल्यावर तिनं चट्कन हात सोडवून घेतला आणि शहाण्या मुलीसारखा मांडीवर ठेवला.

मला ते सहन झालं नाही. कागदावरचं एक अक्षर दिसेना.

"अगं धर तो हात," मी म्हणाले. सगळे बघायला लागले. "धर म्हणते ना! आमचे हे शांतपणे नाही गेले. मी खोटं सांगत आले. त्यांना त्रास होत होता. त्यांनी माझा हात धरला होता, त्या खुर्चीवर, आणि मी झटकला. एकदा धरला होता त्यांनी." दुसऱ्यांदाचं ओठांवर आलं होतं. पण समोर मितालीचं तोंड पांढरंफटक पडलेलं दिसलं आणि मी ते गिळून टाकलं. "हात लावायचा नाही हा नियम मी केला होता, आज मीच मोडते. देव कुठं पळून जात नाही. कुणाचा हात आला तर आधी डोळे उघडा."

मी खाली बसले. मिताली उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. शैला तिच्यामागं निघाली, मी नको म्हटलं. पाळकसाहेब बिचारे तरुण माणूस, काय करावं त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "आपण... आपण निवांत बसू या." आणि माझ्या हातानं सवयीनं घंटा वाजवली.

मी डोळे मिटले नाहीत. दरवाज्याकडे बघत राहिले. बाहेर रिक्षा गेल्या, गुजराती मंडळीतलं कुणी लवकर आलं होतं त्यानं अंगणात स्कूटर लावली. दहाएक मिनिटांनी मितालीच्या सँडल वाजल्या. ती आत आली आणि आपल्या जागी बसली. मध्ये ह्यांची रिकामी खुर्ची.

"आई," ती म्हणाली. हळू नाही, चांगलं मोठ्यानं, निवांत चालू असताना. "किती वेळा?"

मला कळलं ती काय विचारतेय. तरी मी विचारलं, "काय किती वेळा?"

"पप्पांना मी ओळखत नाही? ते एकदा हात लावून गप्प बसणारे नव्हते. किती वेळा धरला त्यांनी?"

सगळी मंडळी ऐकत होती. "दोनदा," मी म्हणाले.

"दुसऱ्यांदा तू काय केलंस?"

"हात काढून घेतला. पदराखाली."

तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी तिच्या बापाच्या शवपेटीशीसुद्धा ऐकला नव्हता. ती वाकली, ह्यांच्या खुर्चीवर डोकं ठेवलं आणि "पप्पा, पप्पा" करून रडायला लागली. कुणीही तिला गप्प केलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तिची पाठ हलत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं तो झटकला.

मी परत ठेवला. या वेळी तिनं काही केलं नाही, नुसती रडत राहिली.